पहिल्या लेनमधली राख

परत आल्यापासून दापोलीत जो भेटतो तो एकच विचारतो, "उसाचा रस प्यायलात की नाही?" बारामतीकडे जाऊन आलेल्या माणसाला दुसरंही काही विचारता येतं, हे कुणाला सुचत नाही. प्यायले, बाबांनो. आलं-लिंबू घालून प्यायले, वर बर्फ नको म्हणून रसवंतीवाल्याशी भांडलेसुद्धा. पण मी रस प्यायला गेले नव्हते. मी रघुतात्यांच्या वर्षश्राद्धाला गेले होते, आणि तिथे जे पाहिलं ते बाजारात पिशवी सावरत उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. म्हणून बसून लिहिते आहे.

रघुतात्या हा माणूस एका खेळात मावणारा नव्हता. तरुणपणी ते शंभर मीटर धावायचे, लांब उडी मारायचे, भाला आणि थाळी फेकायचे, वेळूची काठी रोवून पाटाच्या पलीकडे उडी घ्यायचे आणि दिवस मावळला की कबड्डीत चढाईला जायचे. एका स्पर्धेत त्यांचं नाव इतक्यांदा पुकारलं गेलं की बक्षीस देणारे पाहुणे वैतागून म्हणाले, "आता दुसऱ्या कुणाला तरी बोलवा." गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांनी मैदान सोडलं नाही, मैदानातली जागा बदलली. मैदानी खेळांच्या संघटनेचे चिटणीस झाले. खुर्चीत बसलेलं मात्र मी त्यांना क्वचितच पाहिलं. हातात चुन्याची पिशवी नाहीतर मोजपट्टी आणि गळ्यात शिट्टी, असेच ते मला आठवतात.

मी तेव्हा अडथळ्यांची शर्यत धावायची, तीही तात्यांनीच शिकवलेली. राज्याच्या मुलींच्या संघाबरोबर तात्या व्यवस्थापक म्हणून यायचे. परगावी आमच्यासाठी दूध तापवण्यापासून आमच्या आयांना फोन करण्यापर्यंत सगळं करायचे. माझे वडील मी लहान असतानाच गेले. ती जागा तात्यांनी भरून काढली असं मी म्हणणार नाही, ती भरत नसते. पण त्या जागेपाशी कुणीतरी येऊन उभं राहिलं, एवढं खरं.

गेल्या वर्षी ते गेले तेव्हा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन मी अंथरुणाला खिळले होते. यंदा काठी टेकत का होईना, जायचंच असं ठरवलेलं होतं. त्यात आक्कांचा फोन आला. आक्का म्हणजे तात्यांच्या पत्नी. सगळं गाव त्यांना आक्काच म्हणतं.

"शालन, दोन दिस आधी ये गं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या ट्रॅकवर कुणी पाय टाकंना झालंय. पोरी डांबरीवर पळत्यात. आपल्या आरतीला उसाच्या ट्रॉलीनं उडीवलं."

फोनवर त्या रडल्या नाहीत. आक्का फोन ठेवून रडतात.

बारामती

बारामतीचे रस्ते बघून कोकणातल्या माणसाला आधी कौतुक वाटतं आणि मग राग येतो. आमच्याकडे रस्ता म्हणजे दोन खड्ड्यांमधली जागा. इथे गाडीत चहाचा कप हातात धरून बसावं. पण स्टँडबाहेर पडून तात्यांच्या गावच्या, कोऱ्हाळ्याच्या वडापमध्ये बसले आणि कौतुक संपलं, कारण जीपमध्ये जितकी माणसं बसतील असं मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट बसली. माझी काठी कुणाच्या पोटात आणि कुणाची कोथिंबीर माझ्या मांडीवर, असे आम्ही निघालो.

शेजारच्या बाईंनी रीतसर चौकशी सुरू केली. गाव कुठलं, मुलं किती, गुडघ्याला काय झालं. मग म्हणाल्या, "कुणाच्यात जायचं?"

"रघुतात्यांच्या घरी."

"समाधीला चाललाय व्हय?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "समाधी? कुणाची?"

"तात्यांचीच की. लई जागृत हाय बगा. माजा नातू पोलीस भरतीला पळतोय, तवा नारळ ठिवून आल्ये. पावला तर पेढं वाटीन."

"नातू पळतो कुठं?"

"डांबरीवर," बाई म्हणाल्या. "मैदानात कसा पळंल? तितं तात्या हायती."

माळेगावजवळ कारखान्याच्या मळीचा आंबूस वास जीपमध्ये शिरला. रस्त्याच्या कडेने उसाच्या ट्रॉल्या एकीमागे एक उभ्या होत्या, त्यांच्यामागे बैलगाड्या, आणि त्यांच्यामधल्या फटीतून बूट घातलेली दोन मुलं हात हलवत पळत येत होती. ड्रायव्हरने हॉर्न मारला. मुलं उसाला अंग घासून उभी राहिली आणि जीप गेल्यावर पुन्हा पळू लागली.

हे असं का झालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

तात्या एकदा ग्रीसला जाऊन आले होते, क्रीडासंघटकांच्या कुठल्याशा शिबिराला. तिथे त्यांना एक म्हातारा भेटला. तोही तात्यांच्याच कुळीतला. तरुणपणी धावलेला, उड्या मारलेला, गोळा फेकलेला, समुद्रात पोहलेला आणि उरलेला जन्म दुसऱ्यांच्या स्पर्धा भरवण्यात घालवलेला. हे सगळं शिबिरातल्या दुभाष्याकडून कळलं, कारण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण म्हाताऱ्याने तात्यांचा हात धरून त्यांना एका फार जुन्या मैदानावर नेलं. तिथे शर्यतीच्या सुरुवातीची रेघ चुन्याची नव्हती, दगडाची होती. दगडात पायाची बोटं रोवायला खाचा होत्या. आणि पुढे दोरी बांधलेली होती, कुणी आत जाऊ नये म्हणून. म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, दोरी उचलून धरली आणि तात्यांना खाचेत पाय ठेवायला लावला. लगेच रखवालदार ओरडत आला.

"म्हातारं रडत हुतं गं," तात्या मला सांगायचे. "पळायची जागा हाय आन कुणी पळत न्हाय, ह्यापरास वाईट काय नसतंय."

परत आल्यावर त्यांनी आपल्या रानातला एक तुकडा मोकळा केला. पाथरवटाकडून काळ्या दगडाची रेघ करून घेतली, तशाच खाचांची. मुरमावर बॉयलरची राख पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून दोनशे मीटरचा ट्रॅक केला. माळेगावचा कारखाना जवळ असताना राख यायची पार भवानीनगरहून, कारण तिथल्या बॉयलरवर त्यांचे जिवाभावाचे दोस्त हणमंतराव होते. चिपाडं जाळून उरलेली ती काळी राख पायाखाली कर्र कर्र वाजायची. मुली पळायच्या तेव्हा तात्या डोळे मिटून बसायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, कुणाचा डावा पाय हलका पडतोय.

शेवटच्या स्पर्धेला मी तिथे होते. बक्षिसं झाल्यावर तात्यांनी माईक घेतला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "मी गेल्यावर माजी राख नदीत टाकू नका. पैल्या लेनमधी पसरा, पाणी मारा, रोलर फिरवा. आन पोरं पळूद्या." लोक हसले. टाळ्यासुद्धा पडल्या. तात्यांच्या गमतीजमतींना आम्ही सगळे सरावलेले होतो.

कोऱ्हाळे बुद्रुक

आक्कांनी मला दारातच थांबवलं, पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग आत घेतलं. आमच्याकडे आलेल्याला गूळपाणी देतात. इथे आधी पाय धुवायचे. बाहेरची माती बाहेरच राहिली पाहिजे, यावर आक्का फार कडक. तात्या मैदानावरून यायचे तेव्हा त्यांनाही दारातच उभं करायच्या. ते गुडघ्यापर्यंत काळे झालेले असायचे.

जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि खर्डा. तो खर्डा खाऊन माझे कान वाजायला लागले. आक्कांच्या मांडणीवर तीच भांडी होती. तात्यांच्या काळी बक्षीस म्हणून स्टीलची भांडी द्यायचे, आणि जे भांडं ज्या खेळात मिळालं त्या खेळाच्याच नावाने आक्का ते ओळखायच्या.

"ती थाळीफेकीची परात सरकीव इकडं," त्या म्हणाल्या. "आन ताक लांब उडीच्या पातेल्यात हाय."

मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चल, दावते तुला."

मैदान घरामागेच. मी काठी टेकत गेले आणि कडेला थबकले. पहिल्या लेनच्या सुरुवातीला, त्या दगडी रेघेभोवती, पुढे-मागे दारं असलेलं हिरव्या रंगाचं लोखंडी ग्रील उभं होतं. वर पत्र्याचं छत. आत झेंडूच्या वाळक्या माळा, नारळ, उदबत्तीच्या काड्या, हळदकुंकू. रेघेतल्या खाचांमध्ये कुंकू साठलेलं. तिथून पुढे पहिली लेन दोन्ही बाजूंनी आणि वळणावर आडवी दोरी बांधून बंद केलेली होती. बाकीच्या लेनमध्ये गवत माजलं होतं. तात्यांच्या ट्रॅकवर गवत!

मला इतका संताप आला की मी काठी उगारली. कुणावर उगारली ते मलाही कळलं नाही.

"चिडू नगंस," आक्का म्हणाल्या. "कुणाचं चुकलं न्हाय ह्यात."

मग त्यांनी सांगितलं. तात्या गेले तेव्हा सगळं त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच झालं. मुलगा पुण्याहून आला, त्याने अस्थी वेचल्या आणि राख घमेल्यात भरून आणली. पहिल्या लेनमध्ये पसरली. तात्यांच्या जुन्या खेळाडूंनी पाणी मारलं. रोलर हणमंतरावांनी स्वतः ओढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुली सरावाला आल्या. सगळ्यात पुढे आरती. ही शेजारच्या वस्तीवरची मुलगी, तात्यांची शेवटची धावपटू. ती रेघेपाशी आली आणि तिचा पाय पुढे पडेना.

"तिनं वाकून लेनला हात लावला, कपाळाला लावला आन कडंकडंनं पळाली," आक्का म्हणाल्या. "मागनं सगळ्या तशाच. माणसाच्या अंगाला पाय लागला तर आपुन पाया पडतो. हितं तर त्यो सबंध माणूस. पाय टाकायचा कसा?"

त्यानंतर कुणीतरी फूल ठेवलं, कुणीतरी उदबत्ती लावली. मग वारा सुटला. राख दुसऱ्या लेनमध्ये गेली असेल असं कुणी म्हणालं, तिसऱ्यात गेली असेल असं दुसरं कुणी म्हणालं. एकेक लेन करत सगळं मैदान रिकामं झालं. मुलांनी डांबरी रस्ता धरला. आणि एका धुक्याच्या सकाळी आरती ट्रॉलीच्या कडेला अडकली.

आम्ही तिला बघायला गेलो. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. लोखंड घातलंय म्हणे आत. मी तिच्याशी गुडघ्याच्या व्यायामाबद्दल पुष्कळ बोलले, कारण दुसरं काय बोलावं ते कळत नव्हतं.

"मी पुन्यांदा पळंन का हो?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. डॉक्टरांना विचारलं तर ते काय म्हणतील मला ठाऊक नव्हतं. वाटेत आक्का म्हणाल्या, "परवा वरीस व्हतंय. त्या दिवशी तरी ट्रॅक उगडला पायजे. न्हायतर ह्या सालात आणखी कुणाचं लेकरू जाईल. ग्रीलला कुलूप हाय, किल्ली हणमंतभावजींकडं. तू जाऊन बोल. माजं ऐकत न्हाईत."

भवानीनगर

दुसऱ्या दिवशी तात्यांचा मुलगा मला गाडीने भवानीनगरला सोडून इंदापूरला आपल्या कामाला गेला. मुलगा चांगला आहे, पण ग्रीलचा विषय काढला की रस्त्याकडे जास्तच लक्ष देतो. वाटेत नजर जाईल तिथे ऊस. मध्येच डाळिंबाच्या बागा, पेरूच्या बागा, प्रत्येक फळाला कागदाची नाहीतर जाळीची टोपी. आमच्याकडे आंब्याचेसुद्धा एवढे लाड होत नाहीत.

हणमंतराव अंगणात वाट बघत उभे होते. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, बॉयलरच्या धगीने चेहरा कायमचा तांबूस झालेला. "या, या, कोकनच्या पाहुण्या!" म्हणाले आणि मला थेट ताटावर बसवलं. मी कोकणातली म्हणून त्यांनी मुद्दाम उजनीच्या पाण्यातली चिलापी आणवली होती. सुनेने ती तिखटात बुडवून तळली होती. आता कोकणी माणसाला गोड्या पाण्यातला मासा देणं म्हणजे काय हे मी इथे लिहीत नाही. काटे काढता काढता मी इतकी वाहवा केली की त्यांनी आणखी एक वाढला. तो संपवताना मी तात्यांना मनातल्या मनात म्हटलं, तुमच्यासाठी हेही.

हात धुतल्यावर मी विषय काढला. हणमंतरावांचा हात सदऱ्याखाली गेला. किल्ली त्यांनी करगोट्याला बांधली होती.

"ग्रील मी सोता वेल्डिंग केलंय बाई," ते म्हणाले. "माज्या दोस्ताच्या उरावर मी कुणाला पाय देऊ देनार न्हाय."

"पण तात्यांनीच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं हुतं. सांगनारा गेला सांगून."

मी ग्रीसच्या म्हाताऱ्याची आठवण दिली. दोरीची, रखवालदाराची. म्हटलं, "तात्यांना ज्याचं वाईट वाटलं तेच तुम्ही इथे केलंत." हे जरा जास्तच लागेल असं मी बोलले. मला तसं बोलायची खोड आहे. हणमंतराव चिडले नाहीत. त्यांनी अंगणातल्या कोंबड्यांना मूठभर दाणे टाकले.

"बाई, रोलर मी वडला," ते म्हणाले. "त्याचं काम हुतं, म्या करायचंच हुतं. पानी मारलं, रोलर फिरीवला. आन रोलरखाली बारीक आवाज आला. करकर. तुमाला काय सांगू? अस्ती येचल्या म्हनत्यात, पर चुरा ऱ्हातोच की. जल्मभर राख उपसली मी. राखंचा आवाज मला ठाव हाय. त्यो राखंचा न्हवता."

एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा पालथ्या हाताने नाक पुसत होता.

"त्या दिसापास्नं डोळा लागला की आवाज येतो. आन तुमी म्हनता, त्याच्यावरनं पोरं नाचवा."

मी माझा पाट त्यांच्याजवळ सरकवला. सुनेने गुळाचा चहा आणला. तो निवला तरी आम्ही दोघांनी घेतला नाही. निघताना ते म्हणाले, "उद्या येनार मी. हार घिऊन येनार. पर किल्ली मागू नका."

परतीच्या वाटेवर कारखान्याचं धुराडं धूर सोडत होतं. खाली कुठेतरी राख पडत असणार. ती आता कोण नेतं, हे मी विचारलंच नाही.

मैदान

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी घरातला विधी झाला. मुलाने पिंड ठेवले, भटजी आले नि गेले. दुपारी स्पर्धा. तात्यांच्या नावाची पहिली स्पर्धा, आणि ती तात्यांच्या ट्रॅकवर नव्हती! शेजारच्या कापणी झालेल्या शेतात चुना मारून रेघा आखल्या होत्या. ढेकळांत मुलं पळाली, अडखळली, दोघं पडली. स्पीकरवर एक गृहस्थ तात्यांना थोर, महान, क्रीडामहर्षी असं काय काय म्हणत होते. मला भाषणं सोसत नाहीत. मी उठून ट्रॅकच्या कडेला आले. आरतीला खुर्चीत बसवून आणलं होतं. तिचा प्लास्टरचा पाय एका पाटावर ठेवलेला. ती ढेकळांकडे बघत नव्हती, गवताकडे बघत होती.

हणमंतराव भला मोठा हार घेऊन आले. कुलूप उघडून त्यांनी आत हार घातला, हात जोडले. ते पुन्हा कुलूप लावणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"भावजी, ऱ्हाऊद्या उगडं."

आक्का आल्या होत्या. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, पाय अनवाणी.

"वैनी, हट करू नका."

"तुमाला आवाज आला त्यो मलाबी आला हुता," आक्का म्हणाल्या. "मी बाजूलाच उभी हुते की."

हणमंतरावांच्या हातातलं कुलूप तसंच राहिलं.

"आन तुमाला वाटतंय, त्यांना दुखलं," आक्का म्हणाल्या. "भावजी, जल्मभर ह्यो माणूस डोळं मिटून पायांचाच आवाज ऐकत बसला. आता वरीसभर त्यांच्या कानावर काय पडतंय? उदबत्ती वाजती व्हय? आन डांबरीवर पोरी मराया लागल्यात, त्ये ऐकू येत नसंल त्यांना?"

"पाप लागंल वैनी."

"लागूद्या. मला लागूद्या. पोरास्नी नको म्हनून तर मी आल्ये."

त्या ग्रीलमधून आत गेल्या आणि लेनकडचं दार ढकलून उघडलं. दगडी रेघेपाशी गुडघे टेकले, खाचांतलं कुंकू पदराने पुसून काढलं आणि कपाळ दगडाला लावलं. मला आठवलं, तात्या नेहमी चिडवायचे. झोपेत जरी आक्कांचा पाय त्यांना लागला तरी आक्का उठून बसायच्या आणि पाया पडायच्या. तात्या म्हणायचे, "एकदा लाथ मारून बग, मग कळंल नवरा हाय का द्येव." आक्का रागावून पदर तोंडाला लावायच्या.

त्या उठल्या. उजवा पाय उचलला आणि तसाच हवेत धरला. म्हाताऱ्या बाईचा तोल जाईल म्हणून मी पुढे झाले, पण त्यांनी हातानेच थांबवलं.

"पाय लागतोय हो," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही. घरात पलीकडच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं.

आणि पाय टेकला.

कर्र आवाज झाला. वर्षभराचा पालापाचोळा आणि वाळकी फुलं बाजूला सारत त्या चालू लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. दोन्ही हातांनी नऊवारी वर धरली होती. स्पीकरवाल्या गृहस्थांनी भाषण मध्येच थांबवलं. शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. पहिल्या वळणावर दोरी आडवी आली, ती त्यांनी सोडली आणि पुढे गेल्या. दुसऱ्या वळणानंतर त्या दमल्या. चाल मंदावली.

खुर्चीतून आरतीचा आवाज आला. "आक्का, डावा पाय वढताय!"

अगदी तात्या म्हणायचे तसं. बांधावर कुणीतरी हसलं आणि त्याच दमात हुंदका आला. आक्कांनी मान हलवली आणि डावा पाय नीट उचलला.

फेरी संपवून त्या रेघेवर आल्या तेव्हा आरतीच्या खुर्चीपाशी मुली जमल्या होत्या. आरती त्यांना म्हणाली, "जावा की गं. माज्या वाटचं पळा." मुलींनी बूट काढले. देवळाबाहेर ठेवतात तसे ओळीने लावून ठेवले. एकेकीने वाकून रेघेला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि अनवाणी पायांची बोटं खाचांत रोवली. शिट्टी कुणी वाजवायची, हे कुणालाच सुचलं नव्हतं. शेवटी आक्काच ओरडल्या, "पळा!"

हणमंतराव दगडी रोलरवर पाठ फिरवून बसले होते. त्यांना बघवत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"पळत्यात?" त्यांनी विचारलं.

"पळताहेत."

"पाया पडून?"

"पाया पडून. अनवाणी."

मुली आमच्या मागून गेल्या. कर्र कर्र कर्र, पुष्कळ पायांचा एकदम आवाज, जवळ आला नि लांब गेला. हणमंतरावांनी डोळे गच्च मिटून घेतले. फेरी परत आली तेव्हाही ते तसेच होते. मला वाटलं, यांना सोसत नाही, यांना इथून न्यावं. तेवढ्यात ते म्हणाले, "मधल्या पोरीचा डावा पाय हलका पडतोय." आणि मग ओंजळीत तोंड घालून मोठ्याने रडले.

माझंही खरं सांगते. मी चप्पल काढली होती. रेघेपर्यंत गेले, हात लावला, कपाळाला लावला. पण पाय टाकवला नाही. मला तात्या हवे होते आणि तिथे राख होती. ज्यांनी मला अडथळ्यांवरून उडी मारायला शिकवलं त्यांच्या रेघेवरून मी मागे फिरले.

निघताना

घरी आलो तेव्हा मी त्या घरच्या रिवाजाप्रमाणे दारात बादलीतून तांब्या भरून घेतला. म्हटलं, "आक्का, पाय पुढे करा." त्यांचे तळवे काळेभोर झाले होते. बोटांच्या बेचक्यांत राख, टाचेच्या भेगांत राख. त्यांनी पायांकडे पाहिलं. मग माझ्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला.

"आज न्हाय," त्या म्हणाल्या, आणि तशाच उंबरा ओलांडून आत गेल्या.

सोप्यातल्या फरशीवर, माजघरातून, थेट आतल्या खोलीतल्या तात्यांच्या खाटेपर्यंत काळी पावलं उमटत गेली. खाटेपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मी आत गेले नाही.

सकाळी निघायच्या आधी मैदानावरून कर्र कर्र आवाज येत होता. आक्का लवकर उठल्या होत्या. भाकऱ्या बांधून तयार होत्या, काकवीची बाटली माझ्या पिशवीत आधीच ठेवलेली. सोपा पुसून लख्ख केलेला, माजघर पुसलेलं. बाहेरची माती घरात त्यांना खपत नाही. खाटेला नमस्कार करावा म्हणून मी आत गेले. तिथली फरशीही पुसली होती. खाटेजवळची दोन पावलं मात्र त्यांनी तशीच ठेवली होती.